मूक साक्षीदार

साक्षीदार बोलला नाही, एवढ्यावरून घटना घडलीच नाही असे ठरत नाही, हे आम्ही वकिलीत शिकलो. धाकट्या बंधूंच्या तान्ह्याला सहा महिन्यांत दोनदा न्यूमोनिया झाला, तेव्हा हेच तत्त्व घरात प्रत्ययास आले. दूध पिताना त्याला कधी ठसका लागत नसे. म्हणून दुधाचा संशय कोणासही आला नाही.

घोट श्वासनलिकेकडे वळला की खोकला येतो. ती शरीराची फिर्याद होय. परंतु काही बालकांत ही फिर्याद उठतच नाही. दूध स्वरतंतूंखाली उतरते आणि मूल शांतपणे पीत राहते. नुसत्या निरीक्षणाने हे निष्णात डॉक्टरांनाही उमगतेच असे नाही.

यासाठी क्ष-किरणांनी गिळण्याचे चलच्चित्र घेतात. बेरियम मिसळलेले दूध पाजले, की प्रत्येक घोट पडद्यावर उतरताना दिसतो. तो कोणत्या नळीत गेला, गिळण्यापूर्वी, गिळताना की नंतर, हे कळते. दूध दाट करून किंवा त्याची धार कमी करून पुन्हा पाहतात. नाकातून बारीक दुर्बीण घालूनही तपासता येते. तीत किरण नाहीत, मात्र ऐन गिळण्याच्या क्षणी दृश्य झाकोळते. किरणांची तपासणीही काही मिनिटांचीच. तीत दोष न दिसणे म्हणजे कायमची निर्दोष मुक्तता नव्हे.

आमच्या बाळाच्या चित्रात दोष स्पष्ट दिसला. देवळात ठरलेले उष्टावण आम्ही पुढे ढकलले. वडीलधाऱ्यांना रुखरुख लागली. पण देवाला उशिराचा नैवेद्य चालतो, बाळाच्या फुप्फुसाला घास चालत नाही.