निळा, पण समुद्राविना

एचडी १८९७३३ बी हा ग्रह निळा आहे. एवढंच कळलं तर वर्णन लिहिणाऱ्याचं मन थेट समुद्राकडे धावतं. पुढचे आकडे वाचले की समुद्र राहत नाही.

जंबुक तारकासमूहातला, सुमारे ६४ प्रकाशवर्षं दूरचा हा ग्रह २००५ मध्ये सापडला. ताऱ्यासमोरून जाताना तो सुमारे अडीच टक्के प्रकाश अडवतो. त्यावरूनच तो गुरूपेक्षा किंचित मोठा असल्याचं कळलं. त्याचं वर्ष २.२ दिवसांचं. निळेपणही असंच हिशेबातून हाती आलं. ग्रह ताऱ्याआड गेल्यावर एकूण उजेडातला कोणता रंग घटतो, हे हबल दुर्बिणीने टिपलं आणि २०१३ मध्ये ते प्रसिद्ध झालं. निळा घटला होता, हिरवा जवळपास तेवढाच होता.

अशा ग्रहाचं वर्णन लिहिणारा आधी शब्द खोडायला बसतो. ग्रह वायूचा, म्हणून ‘पाऊल’ गेलं. त्याची एकच बाजू कायम ताऱ्याकडे, म्हणून ‘पहाट’ गेली. स्पिट्झर दुर्बिणीच्या निरीक्षणांतून २००७ मध्ये त्याच्या तापमानाचा नकाशा तयार झाला. त्यात अंधारी बाजूही सुमारे ७०० अंश सेल्सिअस निघाली, तेव्हा ‘रात्रीचा गारवा’ही गेला.

मग जे उरतं, ते असं उतरतं:

नारिंगी तारा माथ्यावर खिळलेला, आपल्या सूर्याच्या पंचवीस पट रुंद. खाली धुकं, त्याखाली आणखी धुकं, तळ नाहीच. वारा पूर्वेकडे सुटलेला. त्यातले बारीक कण खाली पडायचं विसरून आडवे धावताहेत, उजेडातून अंधाराकडे, आणि अंधारही भाजतोच आहे.

या परिच्छेदाचा प्रत्येक धागा कुठून आला, ते सांगता यायला हवं. ‘नारिंगी’ ताऱ्याच्या तापमानातून आलं. ‘पंचवीस पट’ ताऱ्याच्या आकारातून आणि जेमतेम ४६ लाख किलोमीटर अंतरातून. वाऱ्याचा वेग सेकंदाला सुमारे २ किलोमीटर, हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेलं मोजमाप.

कणांचं तसं नाही. ते सिलिकेटचे, म्हणजे काचेच्या जातीचे असावेत, हा अंदाज आहे. ‘काचेचा पाऊस’ हे शब्द इतके देखणे आहेत की ते लिहायला हात शिवशिवतो. तरी वरच्या परिच्छेदात कणांना नाव दिलेलं नाही. वाचकाच्या मनात काच एकदा चमकली की ‘असावेत’ त्याला ऐकू येत नाही, आणि मोजलेला वाराही मग त्याला कल्पनेतलाच वाटू लागतो.

२०२४ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांतून इथल्या वातावरणात हायड्रोजन सल्फाइड आढळला. सडक्या अंड्यांचा वास याच वायूचा. गंधकाच्या गरम झऱ्यापाशी पोहोचताना पाणी दिसण्याआधी वास येतो, तसा तो आता या परिच्छेदात ताऱ्याच्याही आधी, पहिल्याच वाक्यात यायला हवा.