वाळूचा दगड

नळदुर्गात आमच्या गल्लीत जात्या-पाट्यांना टाकी लावायला एक पाथरवट मामा यायचे. दगडाची पारख मला त्यांनी दिली. भूशास्त्राचं पुस्तक हातात आलं ते त्यानंतर कितीतरी वर्षांनी.

आजी बनशंकरीला जाऊन आली, तेव्हा बदामीहून तांबूस दगडाचा एक तुकडा घेऊन आली होती. तो मी मामांपुढे धरला. त्यांनी टाकीनं हलकेच ठोकून पाहिलं. आमचा काळा दगड खणखणतो, हा बद्द वाजला. मग त्यांनी झिजलेली कड अंगठ्यानं चोळून माझ्या तळहातावर चार कण पाडले. "बग लेकरा, वाळू हाय ही. ह्याचा पाटा केला तर चटणीत कचकच येईल. विळ्याला धार लावायला मात्र सोनं."

पुढे आमच्या विहिरीच्या खोदकामात काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये तांबडा पट्टा लागला. वाळूचा दगड सापडला म्हणून मी ढेकूळ घेऊन धावलो. मामांनी चिमूटभर भिजवून माझ्या बोटांत दिलं. लोण्यासारखं मऊ, खरखर नावाला नाही. "रंगाला भुलू नगं. बोटाला इचार."

त्या दोन वाक्यांत अर्धं भूशास्त्र होतं, हे कॉलेजात कळलं. आपल्या जिल्ह्याचा काळा दगड म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा, बेसॉल्ट. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात कुजलेल्या दगडाची, वरच्या लाव्ह्यानं भाजलेली माती म्हणजे तो तांबडा पट्टा. वालुकाश्माची गोष्टच वेगळी. पाण्यानं किंवा वाऱ्यानं आणलेली वाळू थरांवर थर साचते, दबते आणि सिलिका, चुना किंवा लोह तिचे कण एकमेकांना चिकटवतात. कण एक मिलिमीटरच्या सोळाव्या भागापासून दोन मिलिमीटरपर्यंतचे, म्हणून बोटाला कळतात.

बदामीच्या लेण्यांत गेलो तेव्हा तिसऱ्या लेण्यातल्या इ.स. 578 च्या शिलालेखापेक्षा मी भिंतींतले थरच जास्त वेळ बघत राहिलो. काही थरांतल्या बारीक रेघा तिरक्या असतात. त्या काळी प्रवाह कुठल्या दिशेला होता, ते त्या सांगतात. हे मामांना दाखवायला हवं होतं. तोवर ते गेले होते, आणि घरोघरी मिक्सर आले होते.

मी आता शाळेत शिकवतो. पहिल्याच तासाला मुलांना डोळे मिटायला सांगतो आणि काळा दगड, तांबडी माती व बदामीचा तो तुकडा त्यांच्या हातांत देतो. नावं शेवटी सांगतो. तुकड्याची एक कड आता पोरांच्या अंगठ्यांनी झिजून गोल झाली आहे.