तो, ती, ते आणि ‘ना’

आर्मेनियन नामाला लिंग नसते. तो, ती, ते या तिघांना पूर्व आर्मेनियनमध्ये एकच सर्वनाम: ‘ना’. उज्जैनच्या फ्रीगंजात घरी ‘पुस्तक चांगलं’ आणि दाराबाहेर ‘पुस्तक अच्छी’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला हा दिलासाच. विभक्त्या मात्र सात. ‘तुन्’ म्हणजे घर, ‘तुनस्’ माझे घर, ‘तुनद्’ तुझे; पण ‘घराचे’ म्हणताना शब्दाच्या आतला स्वरच बदलून ‘तान्’ होतो. सामान्यरूपाची सवय इथे कामी येते. खरी गंमत कर्माची. घर पाहिले, तर ‘तुनऽ तेसा’; शेवटचा अस्फुट ‘अ’ फक्त ‘ते ठरावीक घर’ एवढेच सांगतो. आरामला (हे तिथले पुरुषाचे नाव) पाहिले, तर ‘आरामिन् तेसा’: माणसाला चतुर्थीचा प्रत्यय लागतो, अगदी मराठी ‘ला’सारखा.