मोहाखाली गाडी लावू नये

निवृत्तीनंतर चाकांवरच्या घरात राहायला निघालेल्या जोडप्याला सगळ्यांकडून एकच शुभेच्छा मिळते: आता तुम्ही मोकळे झालात, वाटेल तिथे थांबा, वाटेल तेव्हा निघा. आम्ही दोघं फेब्रुवारीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत गोंदिया जिल्ह्यात अशा गाडीत राहतो, आणि माझं मत या शुभेच्छेच्या अगदी उलट झालं आहे. गाडीतलं घर बांधलेल्या घरापेक्षा अधिक परावलंबी असतं. पाणी, सावली, उभं राहायला जागा, सांडपाण्याची वाट यांतलं काहीच त्याचं स्वतःचं नसतं; सगळं गावाच्या सामाईकातून घ्यावं लागतं. म्हणून असं राहायचं तर सतत पुढे जात राहण्यापेक्षा एका टापूत ऋतूभर थांबावं, आणि थांबण्याआधी विचारावं, असं मी आग्रहानं म्हणेन.

आधी गाडीचाच हिशेब करू. शंभरेक लिटरची पाण्याची टाकी दोन माणसांना बेतानं वापरली तर दोन-तीन दिवस पुरते. ती कुठल्या तरी हातपंपावर, विहिरीवर किंवा नळयोजनेच्या तोटीवर भरावी लागते, आणि त्या प्रत्येक ठिकाणी आपल्याआधी कोणाची तरी घागर रांगेत असते. आंघोळीचं, भांड्यांचं पाणी खालच्या टाकीत साठतं आणि तेही कुठे तरी सोडावंच लागतं. शौचाची पेटी रिकामी करणं हा तर सर्वांत अवघड प्रश्न आहे, कारण त्या पेटीत घालायची दुर्गंधीनाशक रसायनं तलावाच्या पाण्यात जाता कामा नयेत. शहरातल्या घरात हे सगळं भिंतीमागच्या नळ्यांतून वाहून जातं आणि त्याचा विचार करायची वेळ येत नाही. गाडीत रोज सकाळी तो करावा लागतो. वीज तेवढी सोपी आहे. वसंतातलं या भागातलं ऊन टपावरच्या सौरपट्ट्यांना भरपूर पुरतं. मात्र सावलीत गाडी लावली की पट्ट्या उपाशी राहतात आणि उन्हात लावली की पत्र्याचा डबा तापतो. लांब वायर लावून एक पट्टी बाहेर उन्हात मांडली की हा तिढा बराचसा सुटतो, पण त्यासाठीही कोणाच्या तरी धुऱ्यावरची हातभर जागा लागतेच.

गोंदियाचा वसंत माझ्या म्हणण्याचा उत्तम पुरावा आहे, कारण शहरातून येणाऱ्याला जे रिकामं दिसतं ते या दिवसांत इथे पुरतं कामात गुंतलेलं असतं. तलाव पाहा. भंडारा-गोंदिया भागातले मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, हे शेकडो वर्षांच्या मेहनतीचं काम आहे. कोहळी समाजाच्या लोकांनी उतार आणि ओढे वाचून हे बांध घातले. नवेगावबांधच्या विस्तीर्ण तलावाचं श्रेय कोलू पाटील कोहळीला दिलं जातं. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे आले, पण त्यांच्यावर जगणाऱ्यांची संख्या कमी झाली नाही. मार्चमध्ये पाणी ओसरू लागतं तेव्हा उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर होते, गुरं पाण्यापर्यंत उतरतात, ढिवर समाजाच्या मत्स्यसंस्था मासेमारी करत असतात आणि जिथे सिंचनाची सोय आहे तिथे उन्हाळी धान हिरवंगार उभं असतं. महाराष्ट्रात जे थोडे सारस उरले आहेत त्यांतले बहुतेक याच जिल्ह्यात असतात. त्यांचं चरणंही याच तलावांच्या काठावर आणि याच धानाच्या बांध्यांत चालतं. गाडी लावायला तलावाची पाळ फार मोहक वाटते. उंच, कोरडी, वारा येणारी जागा, समोर पाणी. पण ती पाळ म्हणजे गावाची वाट असते, गुरांचा रस्ता असतो, आणि साबणाचं पाणी तिथून सोडलं तर ते सरळ कोणाच्या तरी मासळीत जातं. अर्जुनी मोरगाव तालुक्यात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळानं ढिवर मंडळींबरोबर तलावांत माजलेलं बेशरम नावाचं झुडूप उपटून देशी पाणवनस्पती पुन्हा लावण्याचं काम केलं आहे, आणि त्यामागे तलावातल्या एकेका गवताची नावं आणि गुण जाणणाऱ्या लोकांचं ज्ञान आहे. अशा पाण्याच्या काठाला नुसतं निसर्गसौंदर्य मानून मुक्काम ठोकणं मला अपराध वाटतो.

मोहाचं झाड तर याहून थेट साक्ष देतं. मार्चमध्ये मोह जवळजवळ निष्पर्ण असतो, फांद्यांच्या टोकांना फुलांचे झुबके असतात, आणि खालची जमीन झाडून लख्ख केलेली असते. गाडीवाल्याला त्याहून चांगली जागा सापडणार नाही: सपाट, स्वच्छ, काटा नाही की दगड नाही, पट्ट्यांना ऊन मिळतं, आणि एप्रिलमध्ये कोवळी तांबूस पालवी आली की सावलीही. पण ती जमीन आपल्यासाठी झाडलेली नसते. फुलं रात्रीच्या उत्तरार्धात आणि पहाटे टपटपतात. उजाडायच्या आत बाया, मुलं, म्हातारी माणसं टोपल्या घेऊन झाडाखाली पोचलेली असतात, कारण उशीर केला तर गुरं, हरणं आणि अस्वलं वाटेकरी होतात. अस्वलाशी या दिवसांत अंधारात गाठ पडणं ही इथली खरी भीती आहे. कुठलं झाड कोणत्या घराचं हे गावाला पाठ असतं, मग ते कागदावर असो वा नसो. वाळवलेला मोह हे शेतीचं काम थांबलेल्या दिवसांतलं रोख उत्पन्न आहे, शिवाय तो खाण्यातही येतो आणि पुढे बियांचं तेलही निघतं. २००६ च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजावरची ही मालकी मान्य केली, आणि या जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभांना सामूहिक वनहक्क मिळाले आहेत. अशा झाडाखाली ऐन हंगामात गाडी उभी करणं म्हणजे एखाद्या कुटुंबाच्या खळ्यात पथारी पसरणं आहे. म्हणून आम्ही आंबा, चिंच किंवा कडुलिंब शोधतो, आणि तोही कोणाचा आहे ते विचारतो. चूल बाहेर पेटवत नाही. वनविभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा काळ मानतो, आणि जमीन साफ करण्यासाठी मोहाखालचा पालापाचोळा जाळण्याची जुनी रीतही अनेक वणव्यांचं कारण ठरते. काही ठिकाणी आता जाळ्या किंवा जुन्या साड्या झाडाखाली बांधून फुलं झेलतात. तिथल्या लोकांनी आपली सवय बदलायची आणि पाहुण्यानं मात्र जंगलाच्या कडेला शेगडी मांडायची, हे शोभत नाही.

यावर पहिला आक्षेप व्यवहारी माणसाचा असतो: विचारत कशाला बसायचं, पैसे द्या आणि ठरलेल्या तळावर राहा. महाराष्ट्रानं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आहे, त्यात गाड्यांसाठी तळांची कल्पना आहेच. मला तळ नको आहेत असं नाही. पाणी, वीज आणि मैला रिकामा करायची नीट सोय एका जागी मिळाली तर माझ्या वयाची माणसं दुवाच देतील. पण हे धोरण पर्यटनाचं आहे. पर्यटक दोन रात्री राहतो, नागझिऱ्याची किंवा नवेगावची एक सफारी करतो आणि निघतो. त्याच्यासाठी कुंपण घातलेला, गावापासून तोडलेला तळ पुरतो. निवृत्त जोडप्याला दोन महिने राहायचं असतं. त्याला दूध, भाजी, गॅस, शिंपी, औषधाचं दुकान, आठवडी बाजार आणि बोलायला माणूस लागतो. कुंपणाच्या आत हे काहीच मिळत नाही. पैशाचं म्हणाल तर ते द्यायलाच हवेत, पण पैसे दिल्यानं विहिरीचं पाणी वाढत नाही, म्हणून किती घ्यायचं हे विचारणं उरतंच.

दुसरा आक्षेप परदेशातून येतो. अमेरिकेत अशा गाड्यांत वर्षानुवर्षं राहणारी निवृत्त माणसं पुष्कळ आहेत. हिवाळा ॲरिझोनात काढायचा आणि ऊन तापलं की उत्तरेला सरकायचं, असा त्यांचा क्रम असतो. ती माणसं कुठे कोणाला विचारत बसतात, असं मला ऐकवलं जातं. पण तिथेही मोकळीक वाटते तेवढी मोकळी नाही. संघराज्याच्या भूव्यवस्थापन खात्याच्या जमिनीवर साधारणपणे एका जागी चौदा दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही, आणि दीर्घ मुक्कामासाठी राखलेल्या जागी परवाना काढून शुल्क भरावं लागतं. म्हणजे विचारण्याचं काम तिथे नियमानं आधीच उरकून ठेवलं आहे. शिवाय ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या माळाची आणि सडक अर्जुनीजवळच्या गावठाणाची तुलना होऊ शकत नाही. इथे दर काही किलोमीटरवर गाव आहे, आणि दोन गावांच्या मधल्या जंगलातही पळसाची पानं, डिंक, चारोळी, जळण यांसाठी माणसांची ये-जा असते. मार्चच्या सुमाराला पुढच्या तेंदूपत्त्यासाठी झुडपं छाटलेली असतात. अजाण माणूस ते खुंट पाहून समजतो की जागा मोकळी झाली, आणि नेमकी त्यांच्यावरून गाडी नेतो.

वयाचा आक्षेप मी अधिक गंभीरपणे घेतो, कारण तो प्रेमापोटी येतो. मुलं म्हणतात, या वयात दवाखान्याजवळ राहा, आमच्याजवळ राहा. यात तथ्य आहे, आणि माझ्या मते ते फिरण्याच्या विरोधात जातं, थांबण्याच्या नाही. रोज नव्या जागी जाणाऱ्या जोडप्याला रात्री छातीत दुखू लागलं तर १०८ ला फोन करून आपण कुठे आहोत हेसुद्धा नीट सांगता येत नाही. महिनाभर एका गावात असलेल्याला त्या जागेचं गावातलं नाव ठाऊक असतं, आशाताई ओळखीची झालेली असते, आणि सकाळी गाडीचं दार उघडलं नाही तर कोणी तरी येऊन ठोठावतं. गोंदियाला २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, शहर मुंबई-हावडा मार्गावरचं जंक्शन आहे, आणि अर्जुनी मोरगावकडून चंद्रपूरला जाणारा लोहमार्गही तिथूनच निघतो. मुलांना यायचं तर येता येतं. राष्ट्रीय महामार्ग ५३ देवरी आणि कोहमाऱ्यावरून जातो, म्हणजे वेळ आलीच तर नागपूर गाठण्याचा रस्ताही चांगला आहे. हे सगळं पाहूनच आम्ही हा जिल्हा धरला. म्हातारपणी जंगलाच्या जवळ राहायचं आणि रुग्णालयाच्या टप्प्यातही राहायचं, या दोन्ही इच्छा इथे एकत्र नांदतात.

ज्या आक्षेपापुढे मी बराच काळ निरुत्तर होतो तो वेगळाच आहे. या देशात चाकांवर संसार करणारे आम्ही पहिले नाही. गाडी लोहारांनी पिढ्यान्‌पिढ्या बैलगाडीत जन्म काढले, कित्येक भटक्या जमातींनी पालांत. १८७१ च्या कायद्यानं त्यांतल्या अनेकांना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं, आणि तो डाग १९५२ मध्ये कागदावरून पुसला गेला तरी लोकांच्या नजरेतून गेला नाही. आजही गावाबाहेर पाल पडलं की संशय आधी येतो. आमच्या पांढऱ्या गाडीभोवती मात्र मुलं जमतात, चहाचं आमंत्रण येतं, आतलं स्वयंपाकघर बघायला बाया कौतुकानं येतात. पालवाल्यांना कागद विचारतात, आम्हाला खुशाली विचारतात. मग ‘विचारून राहा’ हा माझा सल्ला म्हणजे ज्यांना होकार मिळतोच त्यांचीच चैन नाही का? हे खरं आहे, आणि ते सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. पण यातून विचारणं व्यर्थ ठरतं असं मला वाटत नाही. माणूस बघून होकार देण्याची पद्धत मोडायची असेल तर जागा, दिवस, पाणी आणि शुल्क यांचा नियम गावानं उघड ठरवला पाहिजे, आणि तो निवृत्त बँक अधिकाऱ्याच्या गाडीला आणि लोहाराच्या गाडीला एकच असला पाहिजे. आमच्यासारख्यांचं वजन आज पडतं, तर ते या मागणीमागे पडावं.

रोजचं जगणं या चौकटीत बसवलं की ते फार सोपं होतं, आणि मला ते मनापासून आवडतं. पहाटे मोह वेचणाऱ्यांच्या हाका, मग पाणी भरणं, ऊन चढायच्या आत स्वयंपाक, दुपारी सगळ्या खिडक्या उघड्या ठेवून वाचन, संध्याकाळी बाजार किंवा तलावापर्यंत फेरी. माघ पौर्णिमेच्या सुमारास सालेकसा तालुक्यात कचारगडला गोंडी समाजाची मोठी यात्रा भरते, महाशिवरात्रीला याच जिल्ह्यातल्या प्रतापगडावर गर्दी होते. त्या दिवसांत रस्ते आणि पाणी यात्रेकरूंचे असतात, आम्ही गाडी हलवत नाही. लाखोळी, हरभरा, जवस काढून झालेले असतात; ज्याचं शेत मोकळं झालं आहे त्याला विचारलं तर बहुधा जागा मिळते, आणि सांडपाणी कुठे सोडावं हेही तोच सांगतो. एप्रिलच्या मध्यानंतर मात्र थांबू नये. गाडीच्या आत दुपार काढणं म्हाताऱ्या शरीराला धोक्याचं होतं, विहिरी खाली जातात आणि तेंदूपत्त्याचा हंगाम जवळ येतो, तेव्हा अख्खं गाव पहाटेपासून रानात असतं. त्या दिवसांत दोन माणसांचं जास्तीचं पाणीही गावावर ओझं होतं. जिल्ह्यातल्या एखाद्या ग्रामसभेनं अशा मुक्कामासाठी एक जागा नेमावी असं मला वाटतं: एक हातपंप, एक शोषखड्डा, मैला रिकामा करता येईल असं एक शौचालय, दर दिवसाचं शुल्क गावाच्या निधीत, फेब्रुवारी ते एप्रिलच्या मध्यापर्यंतची मुदत, आणि फलकावर स्पष्ट लिहिलेलं, की बैलगाडी असो, पाल असो वा मोटार, नियम सारखा. पहिलं वर्गणीचं पाकीट आम्ही दोघं देऊ.