गळा, मोर्चा, संग्रहालय

बर्निस जॉन्सन रेगन १६ जुलै २०२४ रोजी वॉशिंग्टनमध्ये गेल्या, वयाच्या ८१ व्या वर्षी. मृत्युलेखांत गायिका, नागरी हक्क चळवळीतल्या कार्यकर्त्या आणि इतिहाससंशोधक अशी तिन्ही बिरुदं एका दमात आली. आपल्याकडे अशा माणसाला अष्टपैलू म्हणून हात झटकतात. मला तरी या बाईंच्या आयुष्यात एकच काम दिसतं: माणसं एकत्र गातात तेव्हा नेमकं काय घडतं, याचा छडा लावणं. कधी गाऊन, कधी तुरुंगात जाऊन, कधी फायली उपसून.

*

जॉर्जिया राज्यातल्या ऑल्बनीजवळ बालपण. वडील बाप्टिस्ट पाद्री. बर्निस अकरा वर्षांच्या होईपर्यंत त्यांच्या चर्चमध्ये पियानो नव्हता. टाळ्या, पायांचा ठेका आणि गळे, एवढ्यावर सगळं चालायचं. एकाने गाणं उचलायचं, बाकीच्यांनी धरायचं. भजनात बसलेल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

*

१९५९ मध्ये ऑल्बनी स्टेट कॉलेजात त्या संगीत शिकायला गेल्या. तिथे इटालियन आणि जर्मन गाणी, आवाज घडवण्याची युरोपीय रीत. डिसेंबर १९६१ मध्ये मोर्चात अटक झाली आणि कॉलेजने काढून टाकलं.

कोठडीत वयाने, शिक्षणाने, ऐपतीने एकमेकींपासून लांबच्या बायका एकत्र कोंबलेल्या. एरवी त्या एका ओळीत बसल्याही नसत्या. गाणं मात्र सगळ्यांना येत होतं. सुटल्यावर सभेत गायला उभं राहिल्यावर स्वतःचाच आवाज पूर्वी कधी न ऐकलेला वाटला, असं त्या सांगत. गाणं शिकवणाऱ्यांनी या गोष्टीचा जरा विचार करावा.

*

१९६२ मध्ये ‘फ्रीडम सिंगर्स’ निघाले. कॉर्डेल रेगन, रुथा मे हॅरिस, चार्ल्स नेब्लेट आणि बर्निस. ‘स्निक’ या विद्यार्थी संघटनेसाठी निधी गोळा करायचा आणि दक्षिणेत काय चाललंय ते देशाला ऐकवायचं. मोटारीतून नऊ महिन्यांत सुमारे ५० हजार मैल. २८ ऑगस्ट १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चातही ते गायले.

अण्णाभाऊ आणि अमर शेखांच्या महाराष्ट्राला गाणारा कार्यकर्ता नवा नाही. पण शाहिरांवरचे प्रबंध बहुतेक दुसऱ्यांनी लिहिले. इथे गाणारीच परत आली आणि अभ्यासाला बसली.

*

मधल्या काळात कॉर्डेलशी लग्न, दोन मुलं, घटस्फोट. मग १९७० मध्ये स्पेलमन कॉलेजची इतिहासाची पदवी आणि १९७५ मध्ये हॉवर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट. (हार्वर्ड नव्हे, हॉवर्ड: वॉशिंग्टनमधलं कृष्णवर्णीयांचं जुनं विद्यापीठ.) प्रबंधाचा विषय, १९५५ ते १९६५ या काळातली नागरी हक्क चळवळीची गाणी. त्यातली कितीतरी स्वतः गायलेली.

मग अलिप्ततेचं काय, असं कुणी विचारेल. विचारावं. पण गाणं कुणी उचललं, कुठे लय चढली, पोलीस दारात आल्यावर ऐनवेळी कुठलं कडवं जुळवलं, हे छापील गीतसंग्रहात सापडत नाही. अलिप्त माणसाला तिथे प्रश्नसुद्धा सुचला नसता.

*

‘हम होंगे कामयाब’ आपण सगळ्यांनी शाळेत घोकलं. ते याच चळवळीतल्या एका गाण्याचं हिंदी रूप. त्याच्या मुळाशी असलेल्या चर्चच्या जुन्या गाण्यात ‘मी’ होता. चळवळीत पसरता पसरता त्याचा ‘आम्ही’ झाला. रेगन यांचं यावरचं निरीक्षण मार्मिक आहे. कृष्णवर्णीयांच्या सामूहिक गाण्यात ‘मी’ म्हणणं म्हणजे प्रत्येकाने आपल्यापुरती जबाबदारी उघडपणे घेणं. ‘आम्ही’च्या आड लपता येतं. ‘आम्ही येतोच’ म्हणणाऱ्यांपैकी सकाळी किती जण येतात, हे मोर्चा काढणाऱ्याला विचारा.

*

पोटापाण्याचं काय, हा प्रश्न अशा चरित्रांत कुणी काढत नाही. १९७४ पासून त्या स्मिथसोनियन संस्थेत पूर्णवेळ नोकरीत होत्या, पुढे राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात क्युरेटर. १९९३ नंतर अमेरिकन युनिव्हर्सिटीत प्राध्यापक. १९७३ मध्ये सुरू केलेला ‘स्वीट हनी इन द रॉक’ हा बायकांचा वृंद या नोकऱ्या सांभाळून २००४ पर्यंत चालवला. वाद्यमेळ नाही, गळे, आणि हाताशी खुळखुळ्यासारखं काही. रंगमंचावर गायिकांच्या ओळीतच खाणाखुणांच्या भाषेत गाणं सांगणारी एक जण बसे, कोपऱ्यात नव्हे. १९८९ मध्ये मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. १९९४ मध्ये कृष्णवर्णीयांच्या भक्तिसंगीतावर २६ भागांची रेडिओ मालिका केली, तिला पीबॉडी पुरस्कार मिळाला. महिन्याचा पगार नसता तर यातलं किती झालं असतं, कोण जाणे.

*

१९८१ मध्ये कॅलिफोर्नियात, योसेमिटीच्या डोंगरात, स्त्रियांच्या संगीत महोत्सवात त्यांनी भाषण केलं. इतक्या उंचीवर त्यांना धाप लागत होती. तिथूनच सुरुवात केली. आघाडीचं राजकारण असंच असतं म्हणाल्या: जीव गुदमरतो. घरच्यासारखं निवांत वाटत असेल, तर ती आघाडी नाही. आपल्याकडच्या परिवर्तनवादी बैठकांत हे भाषण एकदा वाचून दाखवावं, चहाच्या आधी.

*

ज्यांना ऐकायचंय त्यांनी सुरुवात ‘स्वीट हनी’पासून करू नये. चळवळीतल्या गाण्यांचा जो संच रेगन यांनी स्मिथसोनियनसाठी १९८० मध्ये सिद्ध केला, तो १९९७ मध्ये दोन सीडींवर पुन्हा निघाला. १९६० ते १९६६ मधलं ध्वनिमुद्रण आहे. आधी सभांमधली गाणी ऐका. फ्रीडम सिंगर्सची नंतर.