इंजिनाआधी पत्रा

१८८२ साली सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी फियाट ११०० व पुढे पद्मिनी रस्त्यावर आल्या. अशी जुनी गाडी घरी उभी करायला घेणारा हौशी माणूस सगळ्यात आधी बॉनेट उघडतो. माझ्या मते त्याने आधी पायाखालची मॅट उचलावी. १०८९ सीसीच्या त्या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आहे. सिलिंडर झिजले तर बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन घालता येतात. तेही जमलं नाही, तर रीतसर नोंद करून दुसरं इंजिन बसवता येतं. पण या गाडीला ट्रकसारखी वेगळी चॅसिस नाही. सगळा भार पत्र्याचा सांगाडाच वाहतो, आणि त्यातही दारांखालची पोकळ सिल. ती गंजली की दार लागताना अडतं, आणि टक्कर झाली तर आतल्या माणसांना आधार उरत नाही.

सोलापूरच्या कोरड्या हवेत गंज कुठून येणार, असं कुणी म्हणेल. हवा कोरडी आहे हे खरं, पण गंजाला बाहेरच्या हवेपेक्षा आत अडकलेली ओल पुरते. काचेचं रबर कडक होऊन चिरतं, पाणी दारात उतरतं, खालची निचऱ्याची भोकं मातीने बुजलेली असतात, मग पावसाळ्यातला चिखल सिलमध्ये महिनोन्‌महिने मुरत राहतो. शिवाय मुंबई-कोकणातून आलेली सेकंडहँड गाडी खारी हवा आधीच खाऊन आलेली असते. तपासणीला खर्च नाही. लोहचुंबक रुमालात गुंडाळून पत्र्यावरून फिरवा. जिथे तो धरत नाही, तिथे रंगाखाली पुट्टीचा जाड थर आहे. स्क्रू ड्रायव्हरने सिल खालून दाबा. टोक आत गेलं तर तिथे पत्रा उरलेला नाही, आणि पुट्टी भरून तो परत येत नाही.

इंजिनच मेलेलं असेल तर चकाचक पत्रा काय कामाचा, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून इंजिन खोलण्याआधी त्याची परीक्षा करावी. कॉम्प्रेशन गेज लावून आकडा घ्यावा, कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा घ्यावा. आकडा चढला तर रिंगा किंवा बोअर झिजलेत. जैसे थे राहिला तर संशय व्हॉल्व्ह किंवा हेड गॅसकेटवर. आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि बोअरवेलचं पाणी जड, त्यामुळे रेडिएटरमध्ये क्षार बसून गाडी तापते, अ‍ॅल्युमिनियमचं हेड वाकतं. कूलंट शुद्ध पाण्यात मिसळून भरणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. गॅसकेट बदलणं, व्हॉल्व्ह बसवणं ही कामं घरी जमतात, फक्त हेडचे नट मधून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्यानेच आवळावेत.

वेल्डिंगचं मात्र तसं नाही. शोधणं, खरवडणं, प्रायमर मारणं घरी करा, पण सिल जोडायला मुरलेला वेल्डर बोलवा. बॅटरी सोडून ठेवा, पेट्रोलची टाकी उतरवा, जवळचं रबर-कापड काढा. कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवा लोखंडी दांडा जोडून घ्या आणि गाडी जॅकवर न ठेवता चारही बाजूंनी भक्कम स्टँडवर टेका, नाहीतर सिल कापल्याबरोबर सांगाडा वाकतो आणि नवा पत्रा त्या वाकलेल्या आकारातच कायमचा जोडला जातो.