चुंबकाची लाइन मी कशी बिघडवली

गेल्या वर्षभरात जामनेरात माझ्याकडे चुंबकाची चौकशी करायला येणारी तरुण मंडळी वाढली आहेत. कारण उघड आहे. एप्रिल २०२५ मध्ये चीनने काही दुर्मिळ मृदा धातूंच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीला परवान्याची अट घातली, आपल्याकडच्या वाहन कारखान्यांची तारांबळ उडाली, आणि नोव्हेंबरात केंद्र सरकारने ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. वर्षाला ६,००० टन चुंबक देशात बनवण्याची क्षमता उभारायची, असं तिचं उद्दिष्ट. पेपरात हे वाचून पहूरचा, नेरीचा, शेंदुर्णीचा कोणी ना कोणी येतो आणि विचारतो, "काका, तुम्ही चुंबकाच्या कंपनीत होते ना? आपल्याला ग्राइंडिंगचं मशीन टाकता येईल का?"

मशीन काय, पैसे असले की कोणालाही टाकता येतं. ते चालू उत्पादनाच्या लाइनमध्ये बसवणं हे निराळं काम आहे, आणि त्या कामात मी सपशेल तोंडावर पडलेला माणूस आहे. म्हणून प्रत्येकाला वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

माझा अनुभव फेराइटचा. दुचाकीचा स्टार्टर, गाडीच्या वायपरची मोटार, लाउडस्पीकर, हल्लीचे कितीतरी बीएलडीसी पंखे, यांत जो काळा-करडा चुंबक असतो तो फेराइट. फिलिप्सच्या संशोधकांनी १९५२ मध्ये बेरियमचा फेराइट जगापुढे आणला, पुढे स्ट्रॉन्शियमचा आला. कच्चा माल साधा: लोखंडाचा ऑक्साइड आणि स्ट्रॉन्शियम कार्बोनेट. भाजायचं, मायक्रॉनभर बारीक दळायचं, पाण्यात कालवून चुंबकीय क्षेत्रात दाबायचं आणि बाराशे अंशांच्या आसपास पुन्हा भट्टीत पकवायचं. पकताना माल आकसतो. तोही सगळीकडून सारखा नाही. ज्या दिशेनं चुंबकत्व धरायचं त्या दिशेनं जास्त, आडव्या दिशेनं कमी. त्यामुळे भट्टीतून निघालेल्या मापात दोन टक्के वर-खाली धरूनच चालावं लागतं. दहा मिलिमीटरच्या जाडीत हा फरक दोन दशांश मिलिमीटर होतो, आणि मोटार बनवणाऱ्याला तर एक दशांशही जड जातो. मधलं अंतर घासून काढायचं, एवढ्यासाठी ग्राइंडिंग.

जळगावच्या शासकीय तंत्रनिकेतनातून डिप्लोमा करून मी पुण्याकडे गेलो आणि आधी काही वर्षं स्टीलच्या शाफ्टचं ग्राइंडिंग केलं. त्यात हात चांगला बसला होता. माझ्या पुढच्या जवळपास सगळ्या चुका त्या चांगल्या बसलेल्या हातातून आल्या.

नव्वदच्या दशकात दुचाक्यांचा खप वाढायला लागला तेव्हा भोसरी पट्ट्यातल्या एका चुंबक कारखान्यात मला घेतलं. तिथे ग्राइंडिंग वेगळ्या शेडमध्ये, हातानं पीस लावून चालायचं. ट्रेमध्ये माल यायचा, ट्रेमध्ये जायचा. मालकांना भट्टी, ग्राइंडिंग, धुलाई, तपासणी अशी सलग लाइन हवी होती. मी म्हटलं, करतो. फेराइट ही मुळात सिरॅमिक वस्तू आहे, हे मला पुस्तकातून माहीत होतं. हाताला माहीत नव्हतं.

पहिली चूक मॅग्नेटिक चकची. नवं मशीन यायला वेळ होता, म्हणून चाचणीसाठी मी जुन्या सरफेस ग्राइंडरवर चपटे पीस घासायला घेतले. स्टीलचा माणूस पीस कसा धरणार? चक चालू केला, पीस धरले गेले, छान वाटलं. डायमंड व्हील मात्र लावलं होतं; फेराइटला साधं व्हील पुरत नाही, एवढी अक्कल होती. मापं सुरेख आली. मी मालकांना नेऊन दाखवली.

दुसऱ्या दिवशी धुलाईत पीस एकमेकांना चिकटायला लागले. फार जोरानं नाही, पण दोन पिसांच्या मध्ये गाळाचा पातळ थर अडकून राहायचा आणि पाण्याच्या फवाऱ्यानं सुटायचा नाही. पुढच्या ऑपरेशनला तोच पीस थर घेऊन गेजवर बसला की जाडी चुकीची दिसायची. मी धुलाईच्या बायकांवर चिडलो. पाणी कमी मारता, ब्रश फिरवत नाही, असं सगळ्यांसमोर बोललो. त्या गप्प राहिल्या. आमच्याकडे पहूरचाच एक हेल्पर होता, तो दोन पीस हातात धरून म्हणाला, "भाऊ, हे धुण्यानं नाही निघायचे. हे चिकटी राह्यले."

कारण इतकं सोपं होतं की आजही लाज वाटते. फेराइट म्हणजे कायमचं चुंबकत्व धरून ठेवण्यासाठीच बनवलेला माल. तो चुंबकाच्या चकवर दाबून ठेवला, तर थोडंफार चुंबकत्व धरणारच. आणि अर्धवट चुंबक झालेला पीस स्वतःच्याच घासणीचा गाळ ओढून घेणार. म्हणून तर जगभर फेराइट न भारता घासतात आणि भारण्याचं काम अगदी शेवटी ठेवतात, कित्येकदा मोटारीत बसवल्यानंतर. तो सगळा लॉट साडेचारशे अंशांच्या वर पुन्हा तापवून घ्यावा लागला, तेव्हा त्याचं चुंबकत्व गेलं. धुलाईच्या बायकांची माफी मी मागितली, पण एकेकीला बाजूला घेऊन. बोललो होतो चारचौघांत. माफीही तशीच मागायला हवी होती.

नवं मशीन आलं ते सरळ वाहत्या फीडचं. दोन पट्ट्यांच्या मधून पीस एकामागे एक ढकलले जातात, मागचा पुढच्याला रेटतो, वर व्हील फिरत असतं. चकचा प्रश्नच मिटला. आता दुसरी चूक.

स्टीलच्या ग्राइंडिंगला आम्ही पाण्यात विरघळणारं तेल वापरायचो, दुधासारखं पांढरं पाणी. इथेही मी तेच टाकीत ओतलं. माझा विचार होता मशीन गंजू नये. मशीन पुरवणाऱ्यानं फक्त गंजरोधक घातलेलं साधं पाणी सांगितलं होतं. मला वाटलं, हा काटकसर करतोय.

ज्यांनी फेराइटचा कारखाना पाहिलेला नाही त्यांना यातली खरी गोम कळायची नाही. घासताना जो गाळ निघतो तो कचरा नसतो. तो पकवलेला, चांगला माल असतो. टाकीत बसू द्यायचा, काढायचा, पुन्हा दळणाच्या मिलमध्ये थोडा थोडा मिसळायचा. ग्राइंडिंगच्या खर्चाचं गणित या परतीवर बरंच अवलंबून असतं. माझ्या तेलामुळे पहिलं म्हणजे गाळ बसेना. कण मुळात मायक्रॉनच्या घरातले, त्यात तेलातल्या रसायनानं त्यांना पाण्यात तरंगत ठेवलं. टाकी दिवसभर गढूळ, तेच गढूळ पाणी पुन्हा व्हीलवर, पंपाचे सील खलास. दुसरं म्हणजे जो गाळ निघाला तो तसाच मिलमध्ये परत गेला, आणि आठवड्याभरात प्रेसवाल्यांची ओरड सुरू झाली. दाबताना मालातलं पाणी कापडातून बाहेर पडायचं असतं. तेलानं कापड तुंबत होतं. पीस ओले राहत होते, भट्टीत तडकत होते.

म्हणजे ग्राइंडिंगची चूक प्रेसवर दिसली आणि भट्टीत फुटली. लाइन जोडली की असं होतं. वेगवेगळ्या शेडा होत्या तेव्हा प्रत्येकाची घाण ज्याच्या त्याच्या दारात राहायची. मी मात्र मालकांना सांगितलं की भट्टीच्या तापमानात काहीतरी गडबड आहे. मला तेव्हाच संशय आला होता का? होय, आला होता. तरी सांगितलं. भट्टी सांभाळणाऱ्या माणसानं एक शब्द न बोलता त्याचं रजिस्टर आणून टेबलावर ठेवलं. तासातासाच्या नोंदी, एक आकडा इकडचा तिकडे नाही. टाकी रिकामी करून, धुऊन, साधं पाणी भरल्यावर प्रेस पुन्हा सुरळीत व्हायला बराच काळ गेला, कारण मिलमध्ये मिसळलेलं तेल काढता येत नाही, फक्त वापरून संपवता येतं.

तिसरी चूक सगळ्यात महाग पडली आणि तिचं मूळ निव्वळ हौशीत होतं. मला सलग लाइन डोळ्यांनी दिसायला हवी होती. पुशर भट्टीच्या तोंडाशी कन्व्हेयर लावला, तो थेट ग्राइंडरपर्यंत नेला. मधला ट्रे, मधली रॅक, मधला माणूस, सगळं काढलं. पाहुणे आले की तिथे उभे राहून बघायचे.

भट्टी रात्रंदिवस चालते, ग्राइंडिंग दोन शिफ्ट. रात्रीचा माल सकाळी निवांत गार झालेला मिळायचा. दुपारचा माल मात्र वरून हाताला सोसेल इतका आणि आतून चांगला गरम. तो थेट थंड पाण्याच्या धारेखाली. फेराइट उष्णता लवकर सोडत नाही आणि लवचिक तर अजिबात नसतो. केसासारख्या भेगा पडत होत्या, ओल्या काळ्या पृष्ठभागावर न दिसणाऱ्या. तपासणीत पास, पॅकिंगमध्ये पास. गिऱ्हाइकाच्या कारखान्यात मोटार जुळवताना क्लिपच्या दाबानं पीस दुभंगायचे.

रिजेक्शन परत आलं तेव्हाही मी आधी ट्रान्सपोर्टवर गेलो. मग कन्व्हेयरच्या टोकाशी पीस घसरून आपटतात का ते पाहिलं. आपटत होतेच, कडा उडण्याचं ते कारण निघालं आणि रबराच्या पट्टीनं मिटलं. भेगा मात्र चालूच राहिल्या. शेवटी तपासणीतल्या एका बाईंनी कोणाला न विचारता दुपारचे आणि सकाळचे पीस वेगळे ठेवले आणि शाईच्या पाण्यात बुडवून पुसले. दुपारच्या पिसांवर रेघा उमटल्या. आम्ही भट्टी आणि ग्राइंडरच्या मध्ये पुन्हा रॅक आणली. दिसायला लाइन तुटली, रिजेक्शन उतरलं. रॅकवरून उचलतानाच जाडीप्रमाणे पीस वेगळे करायला लागलो, तर व्हीलवर एकदम जास्त माल यायचा तोही थांबला. म्हणजे ज्या थांब्याला मी वाया गेलेला वेळ समजून उडवलं होतं, तिथे दोन कामं होत होती.

आता इथल्या मंडळींसाठी. केंद्राच्या योजनेत जास्तीत जास्त पाच उत्पादक निवडायचे आहेत. ती आपल्या शेडपर्यंत थेट यायची नाही. आणि ती ज्या निओडिमियमच्या चुंबकांसाठी आहे त्यांची घासणी फेराइटपेक्षा फार वेगळी आहे. तो धातू आहे, गंजतो, आणि त्याचा बारीक गाळ वाळला तर आपोआप पेट घेऊ शकतो. मी वर सांगितलेली टाकी-गाळाची पद्धत तिथे तशीच वापरलीत तर आग लागू शकते. मला त्या कामाचा अनुभव नाही, त्यामुळे त्यावर माझा सल्ला घेऊ नका.

फेराइटचं मात्र जळगाव जिल्ह्यात करण्यासारखं आहे. डाळमिलांत लोखंडाचे तुकडे धरायला, जिनिंगमध्ये कापसातला खिळा-तार अडवायला चुंबक लागतातच. जिनिंगमध्ये एका ठिणगीचा अर्थ काय होतो हे जामनेरकरांना सांगायला नको. तयार फेराइटचे ठोकळे आणून, मापात घासून, पट्ट्यांत बसवून देण्याचं काम छोट्या जागेत होतं. त्यासाठी माझ्याकडे या, पण येताना मशीनचं कोटेशन आणू नका. शेडचा नकाशा आणा, त्यात गाळाची टाकी कुठे आणि केवढी ते आखलेलं असू द्या, भट्टीचा माल येणार असेल तर तो गार कुठे होणार ते दाखवा, आणि तुमच्या बोअरच्या पाण्याचा तपासणी अहवाल सोबत आणा.